वर्गणीचा प्रोसेसर

रूम नंबर २१७ मध्ये आम्ही चौघे आणि पीसी एक. पीसी मूळचा माझ्या मावसभावाचा. त्याला पुण्यात नोकरी लागली, कंपनीने लॅपटॉप दिला आणि हा डबा एसटीच्या डिकीतून माझ्याकडे आला. आत २०१७ सालचा रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड, २४०० स्पीडची ८ जीबीची एकुलती एक रॅम आणि ६ जीबीचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड. दिवसा त्यावर सबमिशनची ड्रॉइंग्ज आणि रात्री गेम, असा दोन शिफ्टचा कारखाना.

सप्टेंबर २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ आला आणि कारखान्याने मान टाकली. म्हणजे गेम चालायचा, पण समोरून दोघे-तिघे एकदम आले, कुणी स्मोक टाकला, की चित्र गचकन अडकायचं आणि सुटेपर्यंत आपण मेलेलो असायचो. वर्षभर आम्ही शिव्या नेटला दिल्या. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये चौघांनी प्रत्येकी साडेतीन हजार काढायचं ठरलं. एकूण चौदा हजार. त्यात एकाचे इंटर्नशिपचे पैसे होते, एकाचे मेसला खाडे करून वाचवलेले, आणि सिव्हिलवाल्याचे तर घरून दिवाळीच्या कपड्यांसाठी आलेले. खरेदीचं काम माझ्याकडे आलं, कारण मी एकदा टूथब्रशने पंखा साफ केला होता आणि त्यानंतर पीसी चालू झाला होता. हॉस्टेलवर एक्स्पर्ट व्हायला एवढं पुरतं.

त्या चौदा हजारांचा हा हिशोब. पीसी अपग्रेड करायच्या विचारात जे कोणी असतील त्यांनी खिशात हात घालण्याआधी वाचावा.

पैसे जमले की प्रत्येकाचं पहिलं मत एकच असतं, "ग्राफिक्स कार्ड बदल." ते बरोबर असेलही, पण आधी मोजायला हवं. आपल्या मेसमध्ये पोळ्या कशा होतात ते पाहा. एक मावशी लाटतात, दुसऱ्या तव्यावर भाजतात. गेममध्ये लाटणारा प्रोसेसर असतो. शत्रू कुठे आहे, गोळी कुणाला लागली, भिंत कुठे संपते, हा सगळा हिशोब करून या चित्रात काय काय काढायचं त्याची यादी तो तयार करतो. ग्राफिक्स कार्ड त्या यादीवरून चित्र रंगवतं, म्हणजे भाजतं. मिनिटाला पोळ्या किती, हे दोघींपैकी जी हळू तिच्यावर ठरतं. लाटून पोळ्याच येत नसतील तर कितीही मोठा तवा आणा, तो नुसता तापत बसणार.

आता आपल्या पीसीत हळू कोण, हे ओळखायला आफ्टरबर्नरसारखं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर ते बिचारं जीव तोडून काम करतंय, अडचण तिथे आहे. आमच्याकडे तो आकडा ५५ ते ६५ च्या मध्ये घुटमळत होता. म्हणजे तवा रिकामा. इथे एक फसगत होते ती सांगून ठेवतो. त्याच वेळी प्रोसेसरचा वापर पाहिला तर तोही ४० टक्केच दिसतो आणि माणूस गोंधळतो. १६०० मध्ये ६ कोर आणि १२ थ्रेड आहेत. गेमचा मुख्य थ्रेड एकटा पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ८ टक्के भर घालतो. बाकीचे अकरा जण बसून असले तरी लाटणं त्या एकासाठी अडलेलं असतं. ग्रुप प्रोजेक्ट केलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

दुसरी चाचणी याहून सोपी. रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणा. पिक्सेल निम्म्याहूनही कमी होतात, म्हणजे भाजण्याचं काम निम्म्यावर. तरीही फ्रेम वाढल्या नाहीत तर दोष लाटणाऱ्याचा. आमच्या फ्रेम ९६ वरून ९९ झाल्या. संपलं. निदान पक्कं झालं. (ही चाचणी मी एकाच गेमवर केली, आणि तो गेम माझ्या आवडीचा होता. ते पुढे अंगाशी आलं.)

आणि नुसती सरासरी बघू नका. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. आमची सरासरी ९६ होती, ऐकायला झकास. पण सर्वांत वाईट एक टक्का फ्रेम पाहिल्या तर वेग ३८ वर यायचा, म्हणजे एका फ्रेमला २६ मिलिसेकंद. डोळ्याला अडकतं ते हे. आणि हा वाईट एक टक्का नेमका गोळीबाराच्या वेळी येतो, कारण लाटायचं काम तेव्हाच वाढतं.

तर प्रोसेसर बदलायचा. पण प्रोसेसर एकटा येत नाही. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम हे एकत्र कुटुंब आहे, एकाला हलवलं की बाकीचे विचारतात, आमचं काय. प्रोसेसर बोर्डाच्या सॉकेटला बसला पाहिजे आणि बोर्डाला रॅमची पिढी जुळली पाहिजे. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना, पण खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये जात नाही. (जात नसेल तर दाबू नका. हे लिहावं लागतंय, कारण आमच्या विंगमध्ये एकाने दाबली होती.) एएमडीचं एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आलं, त्याला फक्त डीडीआर५ चालते. म्हणजे तिकडे जायचं तर तिन्ही वस्तू नव्या. इंटेलच्या एलजीए१७०० वर बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात, पण बोर्ड डीडीआर४ चा की डीडीआर५ चा ते बघून घ्यावं लागतं. नुसत्या सॉकेटच्या नावावरही जाऊ नका. २०१७ मध्ये इंटेलने आठवी पिढी आणली तेव्हा सॉकेटचं नाव ११५१ च होतं, पण जुन्या १०० आणि २०० सिरीजच्या बोर्डांवर ते प्रोसेसर चालत नव्हते. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवर त्या बोर्डाला चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते. दुकानदाराच्या "चालेल ना, बिनधास्त"पेक्षा ती यादी वाचा.

आमचं नशीब असं की आमचं सॉकेट एएम४. पहिले रायझन मार्च २०१७ मध्ये त्यावर आले आणि ५००० सिरीजपर्यंत सॉकेट तेच राहिलं. आमच्यासारख्या ३०० सिरीजच्या जुन्या बोर्डांवर ५००० सिरीज चालवायला एएमडीने २०२२ मध्ये अधिकृत परवानगी दिली. म्हणजे बोर्ड तोच, रॅमची जात तीच. मी रायझन ५ ५६०० ठरवला.

इथे आमच्या मेकॅनिकलवाल्याने रास्त प्रश्न विचारला, "अरे, जुन्यालाही सहा कोर, नव्यालाही सहाच. मग पैसे कशाचे?"

उत्तर जरा सविस्तर देतो, कारण कॉम्प्युटर आर्किटेक्चरच्या पेपरात कॅशवर प्रश्न येतो आणि आपण तो रट्टा मारून लिहितो. प्रोसेसरला लागणारा डेटा जवळच्या कॅशमध्ये सापडला नाही तर रॅमपर्यंत जावं लागतं. त्या फेरीला ८० नॅनोसेकंद धरले तर ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची ३२० सायकल वाया. साहेब फाईल शोधायला रेकॉर्ड रूममध्ये गेले, टेबल रिकामं, तसं. आमच्या १६०० मध्ये सहा कोर तीन-तीनच्या दोन गटांत वाटलेले होते आणि प्रत्येक गटाला ८ एमबी एल३ कॅश. एका गटाला दुसऱ्याकडचं काही हवं असेल तर मधल्या इन्फिनिटी फॅब्रिक नावाच्या रस्त्याने जावं लागायचं, आणि या रस्त्याचा वेग रॅमच्या वेगाला बांधलेला. आमची रॅम २४०० ची, म्हणून रस्ता १२०० मेगाहर्ट्झचा. हळू रॅमचा फटका असा दोनदा बसत होता. ५६०० मध्ये सहाही कोर एकाच गटात आणि ३२ एमबी कॅश सगळ्यांची सामाईक. कमाल वेग ३.६ वरून ४.४ गिगाहर्ट्झ झाला, ती वाढ फक्त २२ टक्क्यांची. उरलेला फायदा या घरगुती रचनेचा आणि एका सायकलमध्ये जास्त काम उरकण्याचा. गेमला कॅश किती आवडते ते एप्रिल २०२२ च्या रायझन ७ ५८००एक्स३डी ने दाखवलं. त्याचा क्लॉक त्याच्या साध्या भावापेक्षा कमी होता, पण चिपवर कॅशचा आणखी एक मजला चढवून ती ९६ एमबी केली होती, आणि गेममध्ये तो साध्या भावाला मागे टाकत होता.

रॅमचं गणित तर तोंडी होतं. एक चॅनल ६४ बिटचा, म्हणजे ८ बाइट. २४०० गुणिले ८, सेकंदाला १९.२ जीबी. ३२०० च्या दोन काड्या दोन चॅनलमध्ये लावल्या की ५१.२ जीबी. काड्या मात्र शेजारी-शेजारी लावायच्या नाहीत. चार स्लॉटच्या बोर्डावर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरायचा, बोर्डाच्या पुस्तिकेत तसं चित्र असतं. लावल्यानंतर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करायला विसरू नका. नाहीतर ३२०० ची काडी बऱ्याचदा २४०० किंवा २६६६ वरच रांगते आणि आपण वर्षभर खुशीत असतो.

प्रोसेसर ९,९०० ला आला आणि ८ जीबीच्या दोन काड्या ३,३०० ला. थर्मल पेस्ट २५०. साडेपाचशे रुपये उरले म्हणून मी कॉलर ताठ करून रूमवर आलो.

आता बायोस. बोर्डावरच्या छोट्या फ्लॅश चिपमध्ये बायोस असतो आणि प्रत्येक प्रोसेसरला ओळखण्याचा कोड त्याच्यात लागतो. त्या पिढीच्या अनेक बोर्डांवर ही चिप १६ एमबीचीच आहे, त्यामुळे नव्यांना जागा देताना कंपन्यांनी काही जुन्या प्रोसेसरचा कोड काढूनही टाकला. म्हणून क्रम महत्त्वाचा: जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस नवा करायचा, मग प्रोसेसर बदलायचा. उलटं केलं तर काळी स्क्रीन. काही बोर्डांना प्रोसेसरशिवाय बायोस भरायचं बटण असतं, आमच्या बोर्डाला नव्हतं.

हे सगळं मला माहीत होतं. शनिवारी रात्री अकरा वाजता मी पेन ड्राइव्ह लावला आणि अपडेट सुरू केलं. अर्ध्याच्या थोडं पुढे पट्टी सरकली आणि लाईट गेले. हॉस्टेलवर लाईट गेले की सगळे "ओऽऽ" करून ओरडतात. त्या रात्री सगळं हॉस्टेल ओरडलं, आमची रूम सोडून.

वीस मिनिटांनी लाईट आले. पंखे फिरले, स्क्रीन काळी. पुन्हा चालू, पुन्हा काळी. बॅटरी काढून लावली. काळी. नवा प्रोसेसर खोक्यात, नव्या काड्या पाकिटात, आणि बोर्ड मेलेला. मेकॅनिकलवाला धीर देत होता. सिव्हिलवाला कॉटवरून एवढंच म्हणाला, "म्हणजे माझे साडेतीन हजार गेले का?" मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही.

सोमवारी मी इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये गेलो. सीएच३४१ए नावाचा स्वस्त प्रोग्रॅमर तिथे होता आणि फ्लॅश चिपच्या आठ पायांना पकडणारा चिमटाही.

"सर, अर्धा तास वापरू का?"

"चिपचा नंबर वाचलास का?"

"सर, फ्लॅशच आहे, १६ एमबीची."

"नंबर विचारला मी."

भिंग लावून नंबर वाचला, डेटाशीट काढली. चिप १.८ व्होल्टची. प्रोग्रॅमर ३.३ व्होल्टचा. अर्ध्या तासात मी उरलंसुरलंही जाळलं असतं. एएम४ च्या बऱ्याच बोर्डांवर ही १.८ व्होल्टची चिप असते, आणि मध्ये व्होल्टेज उतरवणारा छोटा ॲडॉप्टर लावल्याशिवाय तिला हात लावायचा नसतो. तो ॲडॉप्टर पाचशेला मिळाला, चार दिवसांनी आला. सर म्हणाले, "तुमच्या वर्गात हा टॉपिक मी शिकवला तेव्हा तू कुठे होतास?" मी कुठे होतो ते इथे लिहीत नाही.

प्रत्यक्ष काम पाऊण तासाचं. पॉवरची वायर आणि बोर्डाची बॅटरी काढायची. चिमटा लावून आधी चिपमध्ये जे काही आहे ते वाचून ठेवायचं, दोन-तीनदा, आणि तिन्ही फाईली सारख्या निघतात का बघायचं. नसतील तर चिमटा नीट बसलेला नाही. अर्धमेली फाईलही जपून ठेवायची, कारण काही बोर्डांवर लॅनचा मॅक ॲड्रेस याच चिपमध्ये असतो. आपल्या हॉस्टेलचं नेट मॅक ॲड्रेस बघून चालतं, तो गेला की पुन्हा अर्ज आणि सह्या. लिहायची फाईल नेमकी १,६७,७७,२१६ बाइटची हवी. काही कंपन्या साईटवरच्या फाईलच्या सुरुवातीला २०४८ बाइटचं वेष्टण चिकटवतात, ते कापावं लागतं. आमच्या फाईलला होतं. कापलं, लिहिलं, पडताळलं. लॅबच्या यूपीएसवर पीसी चालू केला. कंपनीचा लोगो आला तेव्हा सरांनी सुद्धा "हं" केलं.

यूपीएसला तो लावणं शनिवारी रात्रीही जमलं असतं. एका विंगमध्ये एखादा तरी यूपीएस असतोच. मागायचा कंटाळा केला, एवढंच.

प्रोसेसर बसवणं त्यामानाने सोपं, फक्त एक धोका आहे. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, तब्बल १३३१. जुनी पेस्ट वाळून चिकटते आणि कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकवून. म्हणून आधी पीसी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करायचा, बंद करायचा, वायर काढायची, मग कूलर डावी-उजवीकडे हलके पिळत सोडवायचा. एएम५ आणि इंटेलला पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, तिथे जपायचं ते सॉकेट. जुना आणि नवा दोन्ही प्रोसेसर ६५ वॅटचे, त्यामुळे पॉवर सप्लाय तोच चालला. कूलरही जुनाच ठेवला, कारण १६०० बरोबर आलेला नव्यापेक्षा दणकट होता. पहिल्यांदा चालू केल्यावर एफटीपीएम रिसेट करू का, असा प्रश्न स्क्रीनवर येऊ शकतो. हो म्हणण्याआधी तुमच्या विंडोजवर बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहिलेली हवी, नाहीतर सगळी सबमिशन्स कुलपात. हे काम प्रोसेसर काढण्याआधीचं आहे.

निकाल. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये त्याच सेटिंगवर सरासरी ९६ ची १६१ झाली आणि वाईट एक टक्का ३८ वरून ८३ वर आला. स्मोक टाकला, दोघे आले, चित्र अडकलं नाही. आम्ही तरीही मेलो, पण ते आमच्या कर्तृत्वाने. ग्राफिक्स कार्ड आता ९७ टक्क्यांवर. तवा भरला.

मग सिव्हिलवाल्याने त्याचा गेम लावला. तो सायबरपंक २०७७ एकट्याने खेळतो. आधी ४१ फ्रेम होत्या, आता ४३. त्याने सेटिंग बदलून पाहिलं, पुन्हा चालू करून पाहिलं. ४३. त्या गेममध्ये ग्राफिक्स कार्ड आधीपासूनच ९८ टक्क्यांवर होतं. तिथे भाजणाऱ्या मावशी थकलेल्या होत्या आणि मी लाटणारी बदलून आणली होती. दहा मिनिटं त्याचा गेम लावून आकडा पाहिला असता तर हे आधीच कळलं असतं. चौघांचे पैसे घेतले आणि मोजमाप एकट्यापुरतं केलं. त्याने काही बोलून दाखवलं नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

एक फायदा मात्र सगळ्यांना झाला, तो ठरवून नव्हता. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत १६०० नाही, ५६०० आहे. आणि २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जे भडकले (मेमरी बनवणाऱ्यांचा माल एआयच्या सर्व्हरकडे वळला), ते बघता आमच्या दोन काड्या वेळेवर आल्या म्हणायच्या. डीडीआर४ चा चालू पीसी असलेल्यांनी नवीन बोर्ड आणि डीडीआर५ च्या मागे लागण्याआधी आहे त्या बोर्डावर कुठला वरचा प्रोसेसर बसतो ते नक्की पाहावं. ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्यांनी मात्र जुन्या बोर्डाचा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट ३.० चा आहे हे ध्यानात ठेवा. आरएक्स ६५०० एक्सटीसारखी कार्डं चारच लेन वापरतात, ती अशा स्लॉटमध्ये निम्म्या वाटेवर अडतात.

जुना १६००, नव्या खोक्यातला न वापरलेला कूलर आणि २४०० ची ती एकुलती काडी मिळून फर्स्ट इयरच्या एका मुलाला साडेतीन हजारांना दिलं. देण्याआधी त्याच्या बोर्डाची यादी तपासली आणि त्याचे दोन्ही गेम लावून पाहिले. ते साडेतीन हजार सिव्हिलवाल्याला दिले. त्याने कपडे घेतले नाहीत, ग्राफिक्स कार्डासाठी बाजूला ठेवलेत. पुढची वर्गणीही जमते आहे. फक्त खरेदीचं काम या वेळी त्याने स्वतःकडे घेतलंय, आणि यूपीएस कुणाकडे आहे ते आधीच विचारून आलाय.